दक्षिणेची भिंत

प्रिय हिमांशू,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण रीत म्हणून लिहिलं. मंडपवाले कचरूकाका आमच्याच गल्लीतले. हारतुऱ्यांच्या गडबडीत हे पत्र तेच तुझ्या हाती देतील. स्टेजवर बसल्या बसल्या वाच. तुझ्या भिंतीच्या अनावरणाला अजून वेळ असेल.

फर्दापूरची ती सहल आठवते? लेणीत गाईडनं दिवा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेला आणि दगडातला गंभीर चेहरा हसला. मी तुला म्हटलं होतं, दगड हलत नाही, सावली हलते आणि आपण त्याला जिवंत म्हणतो. परवा तुझ्या मुलाखतीत हेच वाक्य वाचलं. जसंच्या तसं! निदान एखादा शब्द तरी बदलायचास.

परत आल्यावर मी प्लायवर तारेचे तुकडे ठोकले. नुसते पाहिले तर भंगार. वरून टेबललॅम्प फिरवला की खाली सावल्या पडायच्या, टँकरवरून हंडे घेऊन निघालेल्या बायकांच्या. लॅम्प सरकला की त्या चालायच्या. गारखेड्यात तेव्हा नव्या इमारती रोज उठत होत्या आणि आमच्या नळाला मात्र पाणी नव्हतं. त्या रांगेतली एक बाई डावा पाय ओढायची. आईनं, आमच्या मालनबाईनं, ती लगेच ओळखली. “अगं, ही तर मीच की! पाय बी तसाच वढती.” लई हसली होती.

तू लग्नाचं विचारायला आलास, आईच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्लीस आणि बिल्डरला दाखवतो म्हणून मॉडेल घेऊन गेलास. ना तू आलास, ना मॉडेल. आला तो पेपरातला फोटो. सोसायटीच्या भिंतीवर चालणाऱ्या बायका, खाली तुझं नाव. आई फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, “माझी चाल त्याला कुठून गावली गं?” माझं लग्न मोडलं ते मी गिळलं असतं. आईचा हा प्रश्न मला गिळता येत नाही. तुला माफ करायची माझी इच्छाही नाही.

आता तुझ्या भिंतीबद्दल. मॉडेल बघताना लॅम्प तू कायम एकाच बाजूला धरायचास. तारांच्या जागी सळया, लॅम्पच्या जागी सूर्य धरून भिंत तू दक्षिणेकडे तोंड असलेली निवडलीस, संक्रांतीच्या सुमारास उन्हात तपासलीस, बायका झकास चालल्या; पेपरातला फोटो तेव्हाचाच. मग पाहुण्यांच्या सोयीनं तारीख धरलीस ज्येष्ठातली. अरे, या दिवसांत आपल्या गावावर सूर्य उत्तरेला कललेला असतो. दक्षिणेच्या भिंतीला दिवसभरात उन्हाचा कवडसाही लागत नाही. हे मी तुला सांगणारच होते, तू परत आला असतास तर. आज पडदा सरकला की लोकांना दिसतील वाकड्या सळया, गवंडी विसरून गेल्यासारख्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाऊस लागला असता तर ढगांवर ढकलता आलं असतं तुला. यंदा आभाळ कोरडं ठक्क आहे. लोक पावसासाठी हात जोडत होते तेव्हा मी मनात म्हणत होते, अजून चार दिवस थांब.

आधी कळवलं असतं तर तू तारीख बदलली असतीस, म्हणून पत्र आज. मंडपाच्या मागे, रस्त्यापलीकडे आमच्या कॉलनीची पाण्याची टाकी आहे, कोरडी. तिची भिंत उत्तरेकडे तोंड करून आहे. उन्हाळाभर मी तिच्यावर बोटाच्या पेराएवढे खिळे ठोकत होते, लोक मला वेडी म्हणत होते. आज ऐन दुपारी ऊन त्या भिंतीला घासून उतरेल, म्हणून त्या खिळ्यांच्या लांबच लांब सावल्या खाली उतरतील आणि बायका चालायला लागतील. टाकीखाली आई खुर्ची टाकून बसली असेल. तुझ्या भिंतीवर काहीच दिसेना म्हटल्यावर कुणीतरी मागे वळेलच. सगळे वळले की तूही वळ. डावा पाय ओढणारी बाई तुला शोधावी लागणार नाही. रस्ता ओलांड आणि सगळ्यांसमोर आईच्या पाया पड. मी तिथंच उभी आहे.

एके काळची तुझीच,
विशाखा