मंगळवारी चार वाजून छत्तीस मिनिटांनी

तंजावूर, ६ फेब्रुवारी १९९४

प्रिय कार्तिक,

मुद्दाम आपल्या घरच्या मराठीत, देवनागरीत लिहिते आहे. तमिळमध्ये लिहिलं असतं तर तू एका दमात वाचून पत्र खिशात घातलं असतंस. आप्पा ही अक्षरं गिरवायला लावायचे तेव्हा तू रडायचास. आता पुन्हा अडखळ, एकेक शब्द लावून वाच. माझा राग तेवढा वेळ तरी तुझ्यासमोर बसला पाहिजे.

सहा मिनिटं, कार्तिक! जर्मनीच्या दुर्बीणवाल्यांच्या उत्तरात एवढंच आहे: अर्ज बाराच्या आत हवा होता, बारा वाजून सहा मिनिटांनी मिळाला, सबब विचारात घेतला नाही. त्यांचे बारा म्हणजे आपले साडेचार. त्या मंगळवारी मी पोरांची प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला पळता पळता दोन वाजताच ते नऊ कागद फॅक्स करायला तुझ्या बूथवर तुझ्या हातात दिले होते. तासभर लाइन मिळाली नाही, हे मी समजू शकते. पण तीनला लाइन लागली, तीनलाच तुझा तो दीड तासाचा अशुभ राहुकाळ लागला, आणि तू माझे कागद फॅक्सच्या मशीनसमोर ठेवून साडेचारपर्यंत बसून राहिलास! शहाण्या, तांदळाच्या व्यापाऱ्याचा कागद त्याच दुपारी साडेतीनला सिंगापूरला गेला, तुझ्याच वहीत लिहिलंय. त्याला राहू आडवा आला नाही. आला तो माझ्या ताऱ्याला!

त्या कागदांत काय होतं हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. ऐक. काही निळे, अतिशय तापलेले तारे सूर्याच्या वीसतीसपट जड असतात आणि आपल्या अंगावरचा वायू सतत बाहेर फेकत असतात. आपल्या कालव्याला पाणी सोडतात तेव्हा मागून येणारं वेगाचं पाणी पुढच्या सावकाश पाण्यावर आदळतं, ते आपण पुलावरून बघायचो ना? तसाच तिथे वायूवर वायू आदळतो, लाखो अंशांपर्यंत तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात, असं आम्ही मानतो. हवा ते किरण खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवावी लागते. माझ्या ताऱ्याच्या जुन्या नोंदींत ते किरण कमीजास्त होताना दिसतात. नुसत्या आदळण्याने एवढा फरक पडायला नको. मग तिथे आणखी काय चाललंय? एवढंच विचारायला मला तीन दिवसांचं निरीक्षण हवं होतं. जर्मन दुर्बिणीवरच्या ज्या यंत्राने ते झालं असतं, त्याला चालायला लागणारा वायू संपत आलाय, आणि अर्जांची ही शेवटची फेरी होती. कॉलेजातला एकुलता एक संगणक ऑफिसचं काम आटोपलं की मला मिळायचा. त्यावर घातलेली माझी चार वर्षं त्या कागदांत होती.

म्हणून मी भर बूथमध्ये, गिऱ्हाइकांदेखत तुझ्यावर ओरडले. तू एवढंच बोललास, "अक्का, तुझं काम कीं, म्हणून थांबलों." आणि बूथला कुलूप ठोकून कुंभकोणमला सासुरवाडीला जाऊन बसलास. तेव्हा त्या वाक्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आठवडा झाला, ते कानातून जात नाही. तांदळाचा कागद पोचो न पोचो, तुला त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझ्या कागदाला काही होऊ नये म्हणून तू दीड तास जीव मुठीत धरून बसलास. मूर्खपणाच तो, आणि तो मी विसरणार नाही. पण माझ्या कामासाठी इतकी भीती दुसऱ्या कोणाला वाटली आहे, सांग?

आता जपानचीही एक अशी दुर्बीण वर गेली आहे. तिच्यासाठीचा अर्ज तयार आहे. मुदत सोळा तारखेला, बुधवारी, त्यांच्या पाचपर्यंत, म्हणजे आपल्या दीडपर्यंत. बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड, हे मी तुला सांगायला नको. स्टेशनसमोर फॅक्सची दोन नवी दुकानं निघाली आहेत, तिथून आजही पाठवता येईल. मी पाठवणार नाही. बुधवारी ये आणि बूथ उघड. मी बाराला कागद घेऊन येते. सव्वाबाराला बटण तू दाबायचंस. भीती वाटली तर तुझ्या बोटावर मी माझं बोट ठेवीन.

तुझीच, अजून रागावलेली,
वसुमती अक्का