वायरमनचा उजवा खांदा

ती. मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (पाठ सरळ, वाकणं गुडघ्यातून, श्वास रोखायचा नाही. हे सगळं आता इतकं अंगात भिनलंय की परवा खाली पडलेलं पेन उचलायला मला पाऊण मिनिट लागलं आणि मागची रांग खोळंबली.) तुमची तब्येत कशी आहे असं मी विचारत नाही, कारण तुम्ही "उत्तम" म्हणून कळवाल आणि लगेच मामीचा फोन येईल. मामीच्या फोनप्रमाणे गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले, जखम छान भरली, डॉक्टर तर खूशच आहेत, आणि तुम्ही मात्र खिडकीजवळच्या खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून परत खुर्चीपर्यंत एवढ्याच फेऱ्या मारता. दवाखान्यातून आल्यावर शेजाऱ्यांनी तुम्हाला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर उचलून नेलं, त्यानंतर तुम्ही जिना उतरलेला नाहीत. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचा मार्ग फारच आखूड झाला म्हणायचा. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही. अजिबात नाही. या पत्रात फक्त माझी बातमी आहे, आणि ती इतकी भन्नाट आहे की लिहिताना माझं अक्षर वेडंवाकडं येतंय. (मज्जातंतूंचा दोष नाही, मैत्रिणीकडून तपासून घेतलं.)

आधी थोडी मागची गोष्ट. फिजिओथेरपीची पदवी हातात असताना मी पुन्हा दोन वर्षं शिकायला इथे आले, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, की लोकांना हातपाय हलवायला लावण्यासाठी एकूण साडेसहा वर्षं कशाला लागतात? तेव्हा मी विषय बदलला होता. आता उत्तर येतं. हातपाय हलवायला शिकायला दोन वर्षं पुरतात, उरलेली साडेचार माणसाचं "नको" हलवायला लागतात. आणि नेमकी तिथेच माझी गाडी अडली होती. आमच्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत पेशंट खोटे असतात. म्हणजे माणसं खरी, दुखणं पाठ केलेलं. तुमच्या हातात एक कार्ड देतात, त्यावर पेशंटचं वय, तक्रार आणि स्वभाव लिहिलेला असतो, आणि समोरच्याने काही झालं तरी सोंग सोडायचं नाही, आपणही "तुम्ही खरे की खोटे" असं विचारायचं नाही, असा कडक नियम. गेल्या खेपेला माझ्या वाट्याला एक आजी आल्या. त्या म्हणाल्या, आज नको गं. मी म्हटलं, बरं राहू दे, आणि त्यांची उशी नीट करून बाहेर आले. नापास! आमच्या विभागप्रमुख बाईंनी (बसल्या की पाठ भिंतीसारखी ताठ, मांड्या जमिनीला समांतर, म्हणून त्यांना सगळे काटकोनबाई म्हणतात) शेरा लिहिला होता: "विद्यार्थिनी पेशंटच्या आधी दमते." ही दुसरी खेप शेवटची होती. यातही आपटले असते तर अख्खं वर्ष पुन्हा.

तयारीचं काय विचारता! आम्ही एकमेकींवरच शिकतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची पाठ इतकी निरोगी आहे की सगळा वर्ग तिच्यावर सराव करून गेला, आणि आता ती पाठ खरोखर दुखते. रस्त्याने चालताना मला माणसं दिसेनाशी झालीत, नुसत्या चाली दिसतात. पुढे चाललेल्या एका अनोळखी गृहस्थांना मी गाठून सांगितलं की तुमचा डावा खुबा कमकुवत आहे. त्यांनी रस्ता ओलांडला. (खुबा खरंच कमकुवत होता, ओलांडताना आणखी स्पष्ट दिसला.) शिवाय आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रत्येकाने एक पूर्ण दिवस एक सांधा पट्टीने करकचून बांधून काढायचा, आणि कामं मात्र रोजचीच करायची. चिठ्ठी उचलली, मला गुडघा आला. सकाळी मजा वाटली. दुपारी बसमध्ये चढताना मागच्या माणसाने सुस्कारा सोडला, तो कानात बसला. संध्याकाळी माझ्या खोलीच्या जिन्यापाशी आले आणि पहिल्या पायरीवर बसूनच राहिले. खोली वर, गादी वर, चहा वर, तरी वाटलं, काय अडलंय, इथेच बरं आहे की. मामा, तेव्हा तुमची इतकी आठवण आली म्हणून सांगू! फोनवर मी तुम्हाला आळशी म्हणाले होते, त्याची फार लाज वाटली. मनापासून माफी मागते. (माफी फक्त "आळशी" या शब्दापुरती. व्यायाम टाळण्याचा मुद्दा जागच्या जागी आहे. पण तो विषय मी काढणार नव्हते, तेव्हा पुढे.)

तर परीक्षेचा दिवस. कार्डावर लिहिलेलं: पुरुष, पन्नाशीचा, अंगमेहनतीचं काम, उजवा खांदा सहा महिन्यांपासून आखडलेला, स्वभाव टाळाटाळीचा, आपल्याला काही झालंय हे कबूल करत नाही. वेळ तीस मिनिटं. दार उघडून आत गेले तर खाट, पडदा, कोपऱ्यात हाडांचा सांगाडा, एका भिंतीला काळी काच (काचेपलीकडे काटकोनबाई, त्यांना आम्ही दिसतो, आम्हाला त्या दिसत नाहीत), डोक्यावर फडफडणारी ट्यूबलाइट आणि तिच्याखाली शिडी. शिडीजवळ खाकी शर्टातले एक पन्नाशीचे गृहस्थ, खिशात पक्कड, हातात स्क्रू ड्रायव्हर. मी मनात म्हटलं, वा! या वेळी परीक्षेवाल्यांनी काय बारकावे सांभाळलेत! आणि गृहस्थांचं काम तर विचारूच नका. उजवा हात पोटाशी धरलेला, वर बघायचं झालं की खांदा नाही, अख्खं धड वळवायचे, स्क्रू ड्रायव्हर सवय नसलेल्या डाव्या हातात अवघडून धरलेला. इतकं अस्सल सोंग मी साडेसहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी नमस्कार करून त्यांना खाटेवर बसायला सांगितलं. ते म्हणाले, मी ट्यूब बदलायला आलोय. मी म्हटलं, हो का, आणि किती वर्षं बदलताय? ते म्हणाले, सव्वीस. मी लिहून घेतलं. मग म्हणाले, मॅडम, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, मला काही झालेलं नाही. मी कार्डाकडे पाहिलं, शब्द न् शब्द जुळत होता! त्या क्षणी मला गेल्या खेपेच्या आजी आठवल्या, काळ्या काचेमागचा तो शेरा आठवला, आणि मी ठरवलं की आज आपण दमायचं नाही. मी दाराच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. (हे पाठ्यपुस्तकात नाही.) गोडीगुलाबीने विचारत राहिले, शर्ट कसा घालता, रात्री कुठल्या कुशीवर झोपता, शिडीवर चढल्यावर वरचा स्क्रू कुठल्या हाताने फिरवता. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी उडवून लावलं. तिसऱ्याला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, की सहा महिने झाले, डाव्याने करतो, घरी कुणाला सांगितलेलं नाही, मालकाला तर नाहीच, कळलं तर काम जाईल. मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, हा माणूस इथे काय करतोय, याला रंगभूमीवर नेला पाहिजे.

कोनमापकाने मोजलं. हात जेमतेम नव्वद अंशांपर्यंत येत होता. ऐनवेळी लोक हात वर करतात अशी जगाची तक्रार असते, माझी तक्रार अशी की हा माणूस करतच नव्हता. त्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं भिंतीवरून मुंगीसारखी चालवत वर न्यायला सांगितली. खांद्याच्या उंचीवर बोटं थांबली. ते म्हणाले, बास. आणि मामा, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "अजून फक्त चारच." ते माझं वाक्य नाही, तुमचं आहे! सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे, तिसऱ्या मजल्याचा जिना बघून पहिल्याच वळणावर भोकाड पसरायचे, आणि तुम्ही दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वरून म्हणायचात, रडके, आता फक्त चारच पायऱ्या. चार झाल्या की पुन्हा चारच. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती की मामाला चारच्या पुढे मोजता येत नाही. पण एकदाही तुम्ही मला उचलून नेलं नाहीत, आणि एकदाही मी खाली राहिले नाही.

बोटं चार पावलं वर गेली. मी म्हटलं, छान, आता फक्त चारच. ती झाली, पुन्हा चारच. तिसऱ्या खेपेला ते भिंतीकडे तोंड करूनच हसायला लागले आणि म्हणाले, "तुमचे चार संपतात कधी?" हसताना त्यांनी मघापासून कानाशी चिकटवून ठेवलेला खांदा खाली सुटला आणि हात आणखी वर सरकला. मी पेन्सिलीने भिंतीवर खूण केली, कोन मोजला, एकशे बारा! (आखडलेला खांदा वीस मिनिटांत बरा होत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. पण भीतीने धरून ठेवलेला तेवढा भाग सुटतो.) मी आनंदाच्या भरात त्यांचं अभिनंदन केलं आणि म्हटलं, तुमचा अभिनय केवळ अप्रतिम होता. ते म्हणाले, कसला अभिनय?

तेवढ्यात दार उघडलं. काटकोनबाई आत आल्या, आणि त्यांच्यामागे एक जाडसर निवृत्त पोस्टमन, उजवा हात झोळीत, चेहऱ्यावर असह्य वेदना. हे माझे नेमून दिलेले पेशंट! माझ्या आधी त्यांनी दार लोटलं तर आत माणूस दिसला, म्हणून ते बाजूला सरून पॅसेजमध्ये थांबले होते, आणि नियम म्हणजे नियम, सोंग न सोडता वीस मिनिटं खांदा धरून कण्हत उभे होते. येणाऱ्याजाणाऱ्या दोघांनी त्यांना पाणी दिलं. ट्यूब बदलायला वायरमन काटकोनबाईंनीच बोलावला होता, तरी मी काय करते ते त्या काचेमागून बघत राहिल्या होत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वायरमन म्हणाले, मी पहिल्यापासून सांगतोय. मी त्यांची माफी मागणार, तर काटकोनबाईंनी घड्याळाकडे बघून सांगितलं की कार्डावरचा पेशंट अजून तपासलेला नाही, दहा मिनिटं उरलीत. मग काय! खऱ्याखुऱ्या "नको"ला तोंड दिल्यावर पाठ केलेलं "नको" ते काय! पोस्टमन आठ मिनिटांत भिंतीवर बोटं चालवत होते, थोडे नाराज होते एवढंच, कारण त्यांनी आणखी बरीच तयारी केली होती.

काल निकाल लागला. पास!! शेरा असा: "चुकीचा पेशंट, योग्य उपचार. विद्यार्थिनी आता दमत नाही." मी तो कागद मैत्रिणीला, मेसवालीला आणि कोपऱ्यातल्या सांगाड्यालाही दाखवला. वायरमन गेले सहा आठवडे दर सोमवारी स्वतःहून आमच्या विभागात येतात, आणि इतके दिवस राहून गेलेली ती ट्यूब त्यांनी या सोमवारी उजव्या हाताने बसवली. (खालून डाव्याचा आधार होता, पण तो मी नोंदवला नाही.)

मामीला नमस्कार. तुमचा विषय शेवटपर्यंत काढला नाही, हे लक्षात आलंच असेल.

तुमची भाची,
(पूर्वीपेक्षा कमी) रडकी

ता. क. १: बातमी मामीने तुम्हाला काल माझा फोन ठेवल्या ठेवल्या सांगितली असणार, म्हणजे पत्र बातमीसाठी नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या महिन्यात पदवीदान आहे. प्रत्येकाला दोन खुर्च्या मिळतात. एक मामीची. दुसरीवर मी तुमचं नाव घालून आले आहे, आणि तुम्ही आला नाहीत तर ती रिकामी राहील, दुसऱ्या कुणाला देणार नाही.

ता. क. २: शेजाऱ्यांना सांगून ठेवलं आहे की मामांनी बोलावलं तरी उचलायला यायचं नाही. उद्धटपणाबद्दल क्षमा असावी. शनिवारी सकाळी मी स्वतः येते आहे. चपला दाराशी काढून ठेवा.

ता. क. ३: घाबरू नका. तुमचा जिना मी लहानपणापासून ओळखते. फक्त चारच पायऱ्या आहेत.