मुंगीच्या आठ वायरी

४ फेब्रुवारी

ति. आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच करते, कारण जवळ आलं की तू कान धरतेस.

तुला फोन केला तर तू घेत नाहीस. तीस वर्षं टेलिफोन केंद्रात तारा जोडल्यास आणि आता म्हणतेस, त्या तारांतून लोक काय काय बोलतात ते ऐकून विटले. म्हणून हे पत्र. बातमी अशी की कॉलेजच्या रोबोटच्या टीममध्ये मला घेतलंय. आम्ही सहा जण आहोत, स्पर्धेला चौघंच जाणार. कोण ते सर सोळा तारखेच्या चाचणीत ठरवतील. मला जायचंय, आत्या. इतकं जायचंय की दुसरं काही सुचत नाही.

रोबोट म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी गाडी. पांढऱ्या फळ्यांवर काळी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावरून हिने कुणी हात न लावता पळायचं. पोटाखाली आठ सेन्सर ओळीने बसवलेत. आम्ही त्यांना डोळे म्हणतो. प्रत्येक डोळा खाली उजेड टाकतो. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळं तो गिळून टाकतं. पट्टी डावीकडच्या डोळ्यांखाली सरकली की गाडीने डावीकडे वळायचं, एवढं साधं. हिचं नाव मुंगी. वायरी मी जोडल्यात, प्रोग्रॅम आमच्यातल्याच चष्मिसने लिहिलाय.

आमच्या कॅप्टनला आम्ही पाठीमागे सेनापती म्हणतो. त्याच्या मते प्रोग्रॅम म्हणजे डोकं आणि वायरी म्हणजे हमाली. पहिल्याच दिवशी वायरी जोडायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न भलत्या टोकाला धरून या गृहस्थाने बोट भाजून घेतलं, तेव्हापासून तो फक्त सूचना देतो. फोटो पाठवतेय. नावं ठेवशीलच, जरा बेताने ठेव.

लोभ आहे तेवढा तरी फोटो बघून कमी करू नकोस.
तुझी,
सुतळी


९ फेब्रुवारी

चि. सुतळीस,
अ. उ. आ. आशीर्वाद फोटो बघण्याआधी लिहिले होते, आता खोडत नाही.

अगं, ह्याला वायरिंग म्हणतात? न्हाणीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता बरा. लाल वायर निघाली कुठून आणि पोचली कुठे, तिचं तिला तरी ठाऊक आहे का? आणि ही मुंगी म्हणे! मला तर उताणं पडलेलं झुरळ दिसतंय. आमच्या एकेका कपाटात दोन हजार तारा असायच्या, मेण लावलेल्या दोऱ्याने गुंफलेल्या, चापून भांग पाडल्यासारख्या. तुझ्या आठ आहेत. आठ! एवढ्यात तुम्ही दिवे लावलेत.

आमच्याकडे एक नियम होता. तारेला ज्याने हात लावला त्याने तिथे चिठ्ठी बांधायची, काय केलं ते लिहून खाली सही. मग तो साहेब असो की शिकाऊ. एका नव्या मुलीने चिठ्ठी न बांधता दोन तारा बदलल्या, तेव्हा सगळ्यांसमोर तिला मी अशी फैलावर घेतली की तिने बदलीच मागून घेतली. पीडा गेली. तुझ्या झुरळावर मला एकही चिठ्ठी दिसत नाही.

तुझा बाप स्वेटर पाठवतोय, तो घेऊन मी रविवारी येते. माझं आयर्न आणि दोरा पिशवीत टाकलाय. तुझ्या सेनापतीला म्हणावं, हमाली कशी असते ते बघायला हजर राहा. तू घाबरू नकोस, मी नुसती बघेन.

लोभ वाढवायचा की नाही ते वायरी बघून ठरवीन.
आत्या


१८ फेब्रुवारी

ति. आत्यास,
सा. न. वि. वि. आज हात जोडवत नाहीत, रीत म्हणून लिहिलंय.

सोमवारची चाचणी ऐक. पट्टी डावीकडे वळली, मुंगी उजवीकडे. पट्टी उजवीकडे, मुंगी डावीकडे. पट्टी दिसली की विंचू बघितल्यासारखी पळत सुटायची. शेवटी सरांच्या बुटावर चढली आणि तिथेच घरघरत बसली. सगळं वर्कशॉप हसलं. सेनापतीने मोठ्या आवाजात विचारलं की हमालीसुद्धा जिला जमत नाही तिला सोबत नेऊन काय करायचं. सरांनी माझं नाव खोडलं. पक्की यादी अठ्ठावीसला जाणार, पण माझ्यापुरती ती गेल्यातच जमा आहे.

आज मुंगी उलटी करून एकेक वायर बोटाने तपासली. पहिल्या डोळ्याची वायर पहिल्या जागी, आठव्याची आठव्या. आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. सुरुवातीला मी गाडी उताणी ठेवून काम केलं, त्यात डावं-उजवं झालं, आणि पहिल्याची वायर आठव्या जागी, आठव्याची पहिल्या, अशा सगळ्याच उलट्या जोडल्या गेल्या. पुन्हा सोडवायचा कंटाळा केला. चष्मिसने प्रोग्रॅममध्येच मोजणी उलटी करून दिली आणि मुंगी सरळ पळायला लागली. तुला कळवलं नाही, कारण पुढची दहा वर्षं तू मला त्यावरून सोलून काढलं असतंस.

रविवारी आम्ही तासभर पट्टी चिकटवायला गेलो तेव्हा तू एकटी मुंगीजवळ होतीस. परत आले तर वायरी दोऱ्यात गुंफलेल्या! नुसता भांग पाडला, असं तू म्हणालीस. मी वेडी, सगळ्यांना कौतुकाने दाखवत सुटले. पुन्हा चालवून बघायचंही सुचलं नाही. आत्या, वायरी तू सुलट केल्यास का? आणि केल्यास तर तुझी चिठ्ठी कुठे होती?

मी कुणाला बोलले नाहीये. वायरिंग आत्या येऊन करून जाते, एवढंच ऐकायचं राहिलंय.

लोभाचं तुझं तू बघ.
सुतळी


२१ फेब्रुवारी

चि. सुतळीस,
अ. उ. आ. घेशील तर दिले.

हो. मीच केल्या. आठही सोडवल्या, पुन्हा नीट क्रमाने जोडल्या आणि तुझ्या तोंडावर खोटं बोलले. वाटलं, पोरीने माती खाल्लीय, गुपचूप निस्तरून टाकावी. उद्या शाबासकी मिळाली की माझ्या मनाला गार वाटेल. तुला विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण विचारायचं कशाला? मला सगळं येतं ना! तीस वर्षांचा अनुभव म्हणे. चुलीत घाल तो अनुभव. दुसऱ्याने चिठ्ठी बांधली नाही की मी त्याची सालं काढायची, आणि स्वतः मात्र हात पुसून, पिशवी उचलून घरी.

तू मला का सांगितलं नाहीस हे विचारणार होते. मग माझंच नऊ तारखेचं पत्र आठवलं आणि विचारायचं तोंड राहिलं नाही. एक गोष्ट मात्र तुझं पत्र आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ती बदली मागितलेली मुलगी. तिने त्या दोन तारा का बदलल्या होत्या, ते मला आजही ठाऊक नाही. मी तिला एक वाक्यही बोलू दिलं नव्हतं.

सोबत चिठ्ठी पाठवतेय. ती रविवारीच बांधायला हवी होती. सरांना दाखव, सेनापतीला दाखव, फळ्यावर लाव. माझी लाज राखायची नाही.

लोभ राहिला असेल तर कळव.
आत्या

चिठ्ठी: आठही वायरी सुलट केल्या. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता. आत्या.


१ मार्च

ति. आत्यास,
सा. न. वि. वि. आज दोन्ही हात जोडून.

सरांकडे गेले आणि आधी माझी चूक सांगितली, मग तुझी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली, एकदा चष्मा काढून. म्हणाले की चाचणी पुन्हा होईल, आणि काय बिघडलं होतं ते ज्या एकीला सांगता येतंय तिला घरी ठेवून मी स्पर्धेला जायला वेडा नाही. तुझ्या वायरी तशाच ठेवल्या. चष्मिसने उलटी मोजणी काढली. शुक्रवारी मुंगी पट्टीवरून अशी गेली की मला रडूच आलं.

यादीत माझं नाव आहे! मुंगीच्या पाठीवर आता तीन चिठ्ठ्या आहेत, तुझी, माझी आणि चष्मिसची. सेनापतीने नाक मुरडलं, म्हणाला ह्यांचं वजन होतं. सर त्याला म्हणाले, तूही एक बांध. बिचारा पेन घेऊन बराच वेळ उभा होता. लिहायला काही सापडेना, कारण त्याने हात कशालाच लावला नव्हता. कॅप्टन म्हणून तोही येतोय. दारं उघडायला कुणीतरी लागतंच.

तुझ्यासाठीही एक चिठ्ठी आहे. वाचून ठेवायची तिथे ठेव.

लोभ होता तिथेच आहे.
तुझी,
सुतळी

चिठ्ठी: चूक लपवली. आत्याच्या तोंडाला भ्यायले. सुतळी.


५ मार्च

चि. सुतळीस,
अ. उ. आ. झुरळालाही.

चिठ्ठी कपाटाच्या कडीला बांधलीय. दार उघडलं की डोळ्यांसमोर येते, आणि दार दिवसातून दहा वेळा उघडावं लागतं. भोगतेय.

त्या मुलीचा पत्ता मिळवला. आता तिचीही पन्नाशी उलटली असेल. पत्र टाकलं. एवढंच विचारलं की बाई, त्या तारा का बदलल्या होत्यास? उत्तर अजून नाही. न आलं तरी तिचं काही चुकणार नाही.

तू जा, नीट पळव तिला. आणि पुढची चूक केलीस की आधी मला कळव. नावं मी ठेवणारच, ते काही या जन्मी सुटायचं नाही. पण आधी तुझं सगळं बोलून होऊ देईन.

लोभ आहे. हे सहीनिशी लिहून देते.
आत्या