पडवीतल्या शाळेचं काय करायचं

ती. काळुरामदादाला, चंद्रावतीचा साताऱ्याहून नमस्कार.

मी बरी आहे. मेसचं जेवण बेताचं असतं, पण भात दोन्ही वेळा मिळतो. हौसावहिनीला सांग, काळजी करू नको. तिचा खोकला थांबला का?

तू फोनवर विचारलंस, "शिक्षण खात्याचा साहेब आलता, शाला बंद करा बोलला. आता पोरांचा काय करायचा गो?" तेच मी सकाळी डी.एड.च्या वर्गात आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "शिक्षण हक्क कायद्याने मान्यता नसलेली खाजगी शाळा आता चालवता येत नाही. मैदान हवं, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत." मी म्हटलं, "सर, मुलांनी शिकावं म्हणूनच हा कायदा आहे ना? आम्ही घराच्या पडवीत शिकवतो, तिथे ती शिकतातच." सर म्हणाले, "तेही खरं आहे." मग त्यांनी पुढचा धडा सुरू केला.

दादा, आपल्या शाळेला मान्यता मिळावी म्हणूनच मी इथे डी.एड. करायला आले. आता डी.एड. झालं तरी आपल्या घराभोवती सगळी मिठागरं, तिथे मैदान कुठून आणायचं? कायदा चुकीचा वाटत नाही आणि आपणही चुकलो असं वाटत नाही. डोकं चालेनासं झालंय.

तरी पोरांचं वर्ष फुकट जायला नको. सोमवारी सगळ्यांना घेऊन कासू गावाकडच्या बांधाने सरकारी शाळेत जा आणि नावं घाल. तिथल्या बाईंना एवढं सांग, पहिलीतली मैना विचारल्यावर लगेच बोलत नाही, पण जरा वाट पाहिली तर बरोबर सांगते.

तुझी धाकटी,
चंद्रा