खालच्या गावाची पाळी

प्रिय भुवना,

परवा फोनवर तू पाण्याचं विचारलंस आणि मी लोणच्याकडे वळले. तुझ्या ते लक्षात आलं असणारच. माझं खोटं तुला लहानपणापासून कळतं. घरात सगळे कान टवकारून असतात, म्हणून पत्र. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत तुझे आजोबा आपल्याला देवनागरी गिरवायला लावायचे, तेव्हा आपण किती कुरकुरलो! आज तिचा उपयोग झाला. साईराम हे तुझ्याकडे आणून देईल. माझ्या लेकाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

यंदा कावेरी वेळेवर आली. आम्ही बायकांनी कालव्यात फुलं सोडली, मूठ मूठ भात सोडलं. पाणी आमच्या बंधाऱ्याला तटलं आणि तिथंच राहिलं. रीत तुला ठाऊक आहे, आधी वरच्या गावाची पाळी, मग झडप उघडून तुमची. आमची लावणी केव्हाच उरकली. पण पुढं धरणातून पाणी सुटलं नाही तर काय, या धास्तीनं गावानं झडप अडकल्याचं सांगायचं ठरवलं. तुमच्या गावचं पाणी बघणारे रामस्वामी दोनदा विचारायला आले. आमच्या ह्यांनी, अनिरुद्धरावांनी, त्यांना, तंजावूरहून मिस्त्री यायचा आहे, असं सांगितलं. कॉफी मीच नेऊन दिली. डवरा-पेला हातात घेण्याआधी त्या म्हाताऱ्या माणसानं मला हात जोडले. मी आत येऊन उगाच भांडी घासत बसले.

काल साईराम तुमच्या बांधावरून आला. कुरुवै भाताच्या रोपांचे शेंडे पिवळे पडलेत म्हणाला, आणि जेवायला बसला. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. तू म्हणशील, हिला आता बरी अक्कल सुचली. खरंच आहे. मला लाज वाटते, भुवना.

झडप अडकलेली नाही. ती फिरवायचा लोखंडी दांडा आमच्या देवघरात, लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवलाय. त्याच्यापुढे मी रोज दिवा लावते. शुक्रवारी सगळं गाव ओरत्तनाडूला लग्नाला जाणार आहे. मी गुडघ्याचं निमित्त करून मागे राहीन. रामस्वामींना परसदारी पाठव, दांडा मी त्यांच्या हातात देईन. संध्याकाळी इथं काय व्हायचं ते होईल. मी दिला, असंच सांगेन. माझ्यावर रागव, हवं तर वर्षभर बोलू नकोस. पण आधी लावणी कर.

तुझीच,
विनुता