पंधरा चौकोनांची पाटी

३ मार्च, दिग्रस

आज सकाळी अकरा वाजता बबलूभाऊनं ती पाटी माझ्या हातात दिली आणि तिथून सगळं बदललं. तारीख मुद्दाम लिहून ठेवतो. मी कॉलेज सोडलं तेव्हा यवतमाळात ज्यांनी तोंडं वाकडी केली, त्यांना एक दिवस हे पान दाखवीन.

पाटी म्हणजे शाळेतली नव्हे. मोबाइलपेक्षा थोडी मोठी, काळी, वायरीनं गेमिंग कॉम्प्युटरला जोडलेली. वर पंधरा चौकोन. चौकोनात पाहिजे ते चित्र टाकायचं आणि त्याला काम नेमून द्यायचं. एकाला बोट लावलं की माइक सुरू, दुसऱ्याला लावलं की कॅमेरा बदलतो, तिसऱ्याला लावलं की टाळ्या वाजतात. बबलूभाऊ त्याच्या गेम झोनमधून रोज दुपारी गेम लाइव्ह दाखवतो, अस्सल वऱ्हाडीत शिव्या घालत. दोन हजार पोट्टे बघतात. नागपूरहून जुना कॉम्प्युटर घेतला, त्याच्यासोबत ही पाटी फुकट आली म्हणे, आणि चार महिने धूळ खात पडली. मी वीस मिनिटांत चालू करून दिली. तो म्हणाला, "तू तं लेका इंजिनेर निंगाला!" मी म्हणालो, अर्धा.

खोली माडीवर आहे. समोर जिनिंगचं फाटक, खिडकीच्या जाळीला कापूस चिकटलेला. राहायची सोय मागच्या खोलीत. पंखा आहे, दाराला आतून कडी आहे, आपल्याला आणखी काय पाहिजे.

दिग्रसला आलो ते मोनालीसाठी, हे इथं तरी कबूल करतो. तिच्यावरून एक जण घाण बोलला म्हणून मी त्याचा दात पाडला, कॉलेज सुटलं, आणि ती भडकली ती माझ्यावरच. शेवटी फोनवर म्हणाली, चौदा एप्रिलपर्यंत एका जागी काम करून दाखव, कोणावर हात उचलू नको, मग बोलीन. चौदाला जयंतीच्या मंचावर ती पहिल्यांदा एकटी गाणार आहे, तिच्या भीमराजकाकाच्या गायन पार्टीत. सहा आठवडे. जमेल.

८ मार्च

त्याच त्या टाळ्या आणि भोंगे ऐकून पोट्टे कंटाळले होते. म्हटलं, आपल्या गावचे आवाज टाकू. जिनिंगच्या फाटकात रामधन नावाचा माणूस दिवसभर कापसाचे ट्रक मागं घेतो. "येऊ दे... येऊ दे... बस!" त्याची ती "बस" म्हणजे बंदुकीचा बार. खिडकीत माइक धरून तेवढीच घेतली आणि एका चौकोनात टाकली. आज गेममध्ये कोणी मेला की मी बोट लावायचो आणि रामधन ओरडायचा, बस! लोक लोळून हसले. शंभर नवीन बघणारे आले.

खाली जाऊन त्याला सांगितलं की तू फेमस झाला. त्यानं विचारलं, फेमस झालं की पगार वाढते का बे.

१० मार्च

काल जिनिंग बंद होती. आज दुपारी पहिलाच ट्रक आला आणि त्यानं रामधनला भिंतीशी दाबलं. मी खिडकीतून पाहिलं. येऊ दे, येऊ दे, असं म्हणत होता. मग हात वर केला, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. ड्रायव्हर येतच राहिला.

पाय दोन जागी मोडला. लोक म्हणतात, प्यायला असेल. ड्रायव्हर म्हणतो, मले थांब म्हननं त्याचं काम होतं. ड्रायव्हरची कॉलर धरायला जिना उतरलो होतो. चौदा एप्रिल आठवली, परत चढलो.

१५ मार्च

रामधनच्या तांड्यावर जाऊन आलो. पाय प्लास्टरमध्ये, बाजेवर पडून. शपथ घेऊन सांगत होता की थेंब घेतला नव्हता. म्हणाला, तोंड उघडलं पन शब्दच नाही आला बाप्पा, जागाच खाली, रिकामी. "थांब" म्हणून दाखवलं, "पुरे" म्हणून दाखवलं. तो एक शब्द तेवढा नाही. त्याची बायको रामीबाई कपात चहा ओतत होती तर त्यानं वरून तळहात धरला. चटका बसला.

परत येऊन चौकोनाला बोट लावलं. बस! अगदी ताजा.

तो आवाज काढून टाकला. थोड्या वेळानं पाहिलं तर चौकोन आपल्या जागी, आवाजासकट.

१९ मार्च

आता जे लिहितो त्याची मला लाज नाही.

शंकरसिंग म्हणून एक आहे. बापाची दोन दुकानं, पायात हजारोंचे बूट. रोज येऊन गेम खेळतो आणि हरला की माझ्याकडे पाहून मोनालीचं नाव घेऊन ओरडतो. आज तर म्हणाला की गाणारीनचा बॉडीगार्ड माडीवर काहून लपून राह्यला. माझ्या मुठी वळल्या होत्या. मारलं असतं तर सगळं पाण्यात.

म्हणून मारलं नाही. त्याच्या तोंडापुढचा माइक चालू केला आणि त्याचं "मोनाली" चौकोनात घेतलं.

तासाभरानं तो पुन्हा सुरू झाला. "अबे, ती तुही..." आणि अडकला. पुन्हा अडकला. चेहरा पांढरा पडला. बूट घेऊन पळाला जिन्यावरून. दिग्रसला आल्यापासून एवढं छान वाटलं नव्हतं.

बबलूभाऊला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवलं नाही. तो पोट धरून हसला.

२ एप्रिल

बँकेच्या कामाला गेलो होतो. आलो तर बबलूभाऊ खुशीत. मोनाली येऊन गेली! जयंतीच्या जाहिरातीसाठी गाणं रेकॉर्ड करायचं होतं, इथं माइक चांगला आहे असं कोणीतरी सांगितलं. माझी चौकशीही केली म्हणे. मी विचारलं, कशात घेतलं? त्यानं पाटीकडे बोट केलं. "पाहू म्हनलं, तुह्या पाटीत किती दम हाय."

चौकोनाला बोट लावलं. "मोनालीचा नमस्कार," आणि मग पूर्ण गाणं. अडीच मिनिटं.

मी बबलूभाऊला भिंतीला लावलं. कॉलर माझ्या मुठीत होती. मारलं नाही. मारलं नाही.

३ एप्रिल

भीमराजकाका रस्त्यात भेटले. पोरीचा गळा बसला म्हणाले, तालमीत तोंड उघडते आणि काहीच नाही. डॉक्टर म्हणतो घसा साफ आहे. वाईट म्हणजे, डॉक्टरनं नाव विचारलं तर तिला सांगता आलं नाही, काकांना सांगावं लागलं. दवाखान्यातून आल्यापासून कोपऱ्यात बसून आहे. चौदाला दुसरी कोणी उभी करावी लागेल, असं बोलताना त्यांचा आवाज फुटला. वर मलाच म्हणाले, तू काळजी नको करू बेटा.

५ एप्रिल

वायर काढली. पाटी चालूच.

कोणी बोलायला लागलं की एक रिकामा चौकोन लाल होतो. मी काही दाबलेलं नसतं. आज गिऱ्हाइकांना गप्प बसवता बसवता थकलो. बबलूभाऊ आता हसत नाही. पाटीच्या जवळ बोलतही नाही. मला म्हणतो, तूच आनली, तूच निस्तर. मी आणली!

हातोडी उचलली होती. मग वाटलं, हिच्यासोबत तिचा गळाही फुटला तर?

९ एप्रिल

एकच गोष्ट करून पाहायची राहिली होती. चौकोनावर बोट दाबून धरलं की खाली येतं, यावर नवीन रेकॉर्ड करा. रामधनच्या चौकोनावर माझा आवाज घेतला. बस.

लगेच तांड्यावर गेलो. रामीबाई चहा ओतत होती. रामधन म्हणाला, "बस!" कप हातातून पडला. दोघंही रडायला लागले, मग हसायला, मग तिच्यासमोर दहा वेळा म्हणून दाखवलं त्यानं. ती म्हणाली, आता पुरे करा.

मी म्हणून पाहिलं. जागा खाली.

लिहिता येतंय. बस.

१० एप्रिल

आज लिहिताही येत नाही. काल लिहिलेलं दिसतं, अक्षरं ओळखीची वाटत नाहीत. पेन तिथं आलं की नुसती रेघ उमटते. — . — .

आधी बोलण्यातून जातं, दुसऱ्या दिवशी लिहिण्यातून.

१२ एप्रिल

म्हणजे तिचं गाणं परत द्यायचं तर ते मी म्हणायचं. पूर्ण. आधीच्या नमस्कारापासून.

गाणं भीमराजकाकांनी रचलं आहे. एका बाईचं आहे, पहाटे निघालेल्या. कागदावर उतरवून पाहिलं. त्यात आई आहे, पाणी आहे, उजेड आहे, हात आहे, दार आहे, घर आहे. आणखी पुष्कळ आहेत. आणि सगळ्यात आधी मोनाली.

दुसरं कोणी म्हटलं तरी चालेल. शंकरसिंगला म्हणायला लावू? धरून आणू शकतो. त्याला माझी भीती वाटते आता.

अर्धा दिवस हाच विचार केला. रस्त्यावर त्याला पाहिलं. बापाच्या दुकानात कोणाला तरी जयंतीच्या गाणारीनबद्दल सांगत होता आणि नावाशी येऊन थबकत होता. मी केलेलं.

नाही.

१३ एप्रिल

दुपारी तीनला म्हटलं. गाता येत नाही मला, नुसतं वाचलं. पाटीनं सगळं घेतलं. मधे थांबलो तर लाल चौकोन वाट पाहायचा.

चार वाजता मागच्या गल्लीतून, काकांच्या तालमीतून, आवाज आला. तिचा. आधी घाबरत एक ओळ, मग मोठ्यानं. मग ढोलकी लागली. बायका ओरडत होत्या. मी जाळीला डोकं टेकून उभा.

पाच वाजता घरून आईचा फोन आला. जेवला का विचारलं. मी हाक मारायला गेलो आणि तोंड उघडंच. ती म्हणत राहिली, बोल ना रे, रागावला का, काहून बोलत नाही. ठेवून दिला फोन.

उद्यापर्यंत लिहिता येईल म्हणून लिहून घेतो. आई. आई. पाणी. उजेड. हात. दार. घर. मोनाली. मोनाली. मोनाली. मोनाली.

१४ एप्रिल, सकाळ

— . जिनं जन्म दिला ती. — . जे तहान लागल्यावर. —

कालचं पान आहे. शेवटी एकच शब्द चार वेळा लिहिलेला. तो वाचता येत नाही. माझंच अक्षर. ते तिचं नाव असणार.

चेहरा आठवतो. गळा आठवतो. आजची तारीख कशासाठी होती तेही आठवतं. मी कोणाला मारलं नाही.

१४ एप्रिल, दुपार

बबलूभाऊ निघून गेला. किल्ली टेबलावर.

माइक बंद होत नाही. पाटी काळी पडलेली, मधे एक चौकोन तेवढा रिकामा.

खाली काका बोलतायत. ती पण. वर येते म्हणाली, एकटी. कबूल केलं होतं म्हणाली.

जिना वाजतोय. चौकोन लाल झाला.

वर येईल आणि आधी माझं नाव घेईल. मग जे बोलायचं ते. सहा आठवडे ज्याची वाट — इथं नको. या खोलीत एक शब्दही नको तिचा. मी उत्तर काय देणार, मला तिला हाकही — पण तिनं तरी

वही इथंच राहू दे. बाहेर निघतो. मागं ते लाकडी — ओढून घेतो, बाहेरून कडी घालतो, पाठ लावून उभा राहतो, आणि मग ती म्हणेल ते जिन्यातच, सगळं, मी फक्त तिच्याकडे बघून