मागची फळी

दादा, आज तुमच्या स्पीकरच्या दोन्ही खोक्यांना मागून फळी बसवतेय. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही खोकी मी उघड्या पाठीनंच ठेवली होती. तुळजापूरपासून कळंबपर्यंत कुणाकुणाचे जुने स्पीकर माझ्या टेबलावर येतात, त्यांचा खर्ज मी सुधारून देते, आणि माझ्याच दुकानात तुमची खोकी मात्र पोकळ बोलतात. गिऱ्हाइकं हसतात. आता पुरे झालं.

ही खोकी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. दुष्काळाचं साल. येरमाळ्याच्या माळावरचा तंबूतला सिनेमा बंद पडला, कारण माणसं सगळी खडी फोडायला गेलेली. मालक तंबू गुंडाळून निघाला तेव्हा त्याची ही सागवानी खोकी तुम्ही बैलगाडीत घालून आणलीत. आई दारात उभी. म्हणते, "घरात ज्वारी न्हाय आन् ह्यांनी कपाटं आणली, ती बी बिनदाराची." तुम्ही खोक्यावरून हात फिरवत म्हणालात, "आपल्या घरातनं आता ठोका न्हाय, बोल निघंल बोल." मी तुमची लहानगी लेक, नुसतं ऐकून घेतलं.

लग्न, सभा, सोसायटीची निवडणूक, सगळीकडं तुमची खोकी भाड्यानं जायची. शब्द स्वच्छ यायचा, पण त्याला अंगच नव्हतं. दहावीनंतर मी तुमच्या दुकानात बसू लागले तेव्हा कारण सापडलं. स्पीकरचा कागदी कोन पुढं हवा ढकलतो तेव्हाच मागून ओढतो. खोक्याची पाठ उघडी असली की मागची हवा कडेनं वळून पुढं येते आणि पुढच्या हवेला खाऊन टाकते. बारीक आवाज वाचतो, जाड आवाज मरतो. पाठ बंद करून आत मऊ अस्तर लावलं की खर्ज उभा राहतो. मी तुम्हाला म्हटलं, "दादा, तुमी एवढं दणकट माणूस, आन् खोक्यातनं शेळीवानी बोलताय." तुम्ही हसलात. "बोल कळतोय न्हवं? धमधम ऐकून कुणाचं प्वाट भरतंय?" आणि खोक्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम सोडलात.

मी लावला. तुम्ही बाहेरगावी गेलेले बघून फळ्या ठोकल्या आणि आत कापूस ठासला. आता कापूस पिंजलेला घ्यावा की नाही? मी मावशीच्या रानातला घेतला, सरकीसकट. त्या उन्हाळ्यात पुन्हा दुष्काळ पडलेला, माणसाला दाणा मिळत नव्हता, उंदरांना कुठला मिळणार! दूध सोसायटीच्या सभेत चेअरमन "बंधूंनो" म्हणाले आणि खोक्यातून फाटका पत्रा वाजला. तुम्ही तिथंच फळी उचकटली. आत उंदरीण बाळंत झालेली, आणि कोनाला ही भगदाडं. सगळी सभा हसत होती. मीही हसले असते, पण तुमच्या तोंडाकडं पाहिलं. तुम्ही खोकी उचलून घरी आणलीत. उंबऱ्यात थांबून म्हणालात, "माझ्या बापानं जल्मभर लोकांच्या वरातीम्होरं हलगी बडवली. जेवाया बसवायचे उकिरड्याच्या कडंला. धर्म बदलला तवा म्या ती हलगी हिरीत टाकली. आन् तू तो ठोका पुन्यांदा घरात आणतीस व्हय?"

तो राग उंदरांचा नव्हता, एवढं मला कळलं. तरी मी ऐकलं नाही, आणि आजही ऐकत नाही. दादा, अपमान हलगीत नव्हता, तो उकिरड्याच्या कडेला होता. ती पंगत मांडणाऱ्यांना जाब विचारायचा सोडून तुम्ही आजोबांच्या हातातली विद्या विहिरीत टाकलीत. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तुमचा रागही येतो.

म्हणून पुढच्या जयंतीला मी पुन्हा फळ्या बसवल्या. या वेळी जुनं घोंगडं कापून बारीक खिळ्यांनी आतून ठोकलं, लोकरीत उंदरांना खायला दाणा नसतो म्हणून. बायका गाणं म्हणतायत, ढोलकीवर थाप पडते आणि ती थेट छातीत लागते. म्हातारी माणसं मांडवात सरसावून बसतात. तुम्ही येता आणि मशीनचं बटण फिरवून खर्ज कमी करता. मी वाढवते. तुम्ही पुन्हा कमी करता. "लोक काय म्हणतील? पुन्यांदा बडवाया लागले म्हणतील." "म्हणू द्या की, दादा. आता आपल्याच मांडवात वाजतंय." तुम्ही हात मागं घेतलात. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी त्या फळ्या न्हाणीच्या चुलीत जळत होत्या आणि तुम्ही शांतपणे अंघोळीचं पाणी काढत होता. आई म्हणाली, "सुंभ जळंल, पर पीळ जायाचा न्हाय. दोघांचा बी." त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही, आणि मग तुम्ही गेलात.

आता वस्तीतल्या पोरी हलगी शिकल्यायत. कुणाच्या वरातीपुढं जात नाहीत, आपल्या विहारापुढं वाजवतात, आणि त्यांना जयंतीला तुमचीच खोकी पाहिजेत. त्या पोरींची हलगी मी शेळीसारखी ऐकवणार नाही. आतून आडव्या पट्ट्या मारल्या, घोंगडं लावलं, बाकीच्या सांध्यांत सरस आणि भुसा भरला. मघाशी थाप वाजवून बघितली, दुकानाचं शटर थरथरलं. तुम्हाला आवडलं नसतं. नसू दे.

हा कागद आत घोंगड्यामागं खोचावा असं मनात होतं. पण कागद खर्जाबरोबर फडफडतो, म्हणून तो इथंच गल्ल्याखाली राहील. एकच सांगायचं राहिलं. खोक्याला कुठं फट राहिली की खर्ज गळतो, मागची फळी सरसानं पक्की चिकटवायची, असं मी सगळ्यांना ओरडून सांगते. तुमच्या खोक्यांच्या मागच्या फळीला मी सरस लावला नाही, दादा. नुसते स्क्रू आहेत, तुम्हाला काढता यावेत म्हणून.